बाळाची लंगोट-दुपटी : बादलीपासून ट्रंकेपर्यंत

हिशेबपत्रकांच्या जोडीने गृहआरोग्यविषयक एखादा लेख वार्षिक अहवालात देण्याचा प्रघात आपल्या संस्थेने ठेवला आहे. यंदाचा विषय वाचून काही वाचकांना किंचित हसू येईल, याची आम्हांस कल्पना आहे. शस्त्रक्रियागृह, नवजात अतिदक्षता विभाग, डायलिसिस असे भारदस्त विषय हाताशी असताना लंगोट धुण्यावर लेख, आणि तोही प्रशासन कार्यालयाकडून! परंतु प्रसूती विभागातून घरी निघालेली कुटुंबे बिलाच्या खिडकीशी उभी असताना जे प्रश्न विचारतात, त्यांत औषधांखालोखाल प्रश्न असतात ते याच विषयाचे. डेटॉल किती घालावे, उकळावे का, बादलीत रात्रभर ठेवले तर चालते का, थोरल्याचे जपून ठेवलेले कपडे धाकट्याला वापरावेत का. शिवाय कापड, साबण, सोडा, पाणी आणि धुलाई ही सर्व खाती आमच्याच कार्यालयाकडे असल्याने या व्यवहाराची थोडीफार माहिती आम्हांस झाली आहे. लेखातील वैद्यकीय भाग बालरोग विभागाच्या डॉक्टरांनी तपासून दिला आहे, हे येथेच नमूद करतो.

धुवावयाच्या लंगोटात दोन प्रकारची द्रव्ये असतात. काही बाळाने सोडलेली, तर काही आपण सोडलेली. पहिली डोळ्यांना दिसतात, नाकाला जाणवतात, त्यामुळे घरातील सर्वांचे लक्ष त्यांच्यावर असते. साबण, सोडा, जंतुनाशक, शाई, डांबराच्या गोळीचा अंश ही दुसऱ्या प्रकारची द्रव्ये सहसा दिसत नाहीत, आणि ती बहुधा मायेपोटीच घातलेली असतात. लंगोटापायी बालके दगावल्याच्या ज्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आणि ज्यांचा उल्लेख पुढे येणार आहे, त्या या दुसऱ्या प्रकारातील आहेत. म्हणून या लेखाचा भर तिकडे अधिक आहे.

बाळाने सोडलेले

ताज्या लघवीला फारसा वास नसतो. तिच्यातील युरिया या द्रव्याचे जिवाणूंकडून विघटन होऊन अमोनिया तयार होतो, आणि झाकण उघडताच डोळ्यांत पाणी आणणारा बादलीचा तो वास या अमोनियाचा असतो. १९२१ साली अमेरिकेतील डॉ. कुक यांनी बाळाच्या मांड्यांवरील पुरळाचे कारण हा अमोनियाच आहे असे मांडले, आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ तेच प्रमाण मानले गेले. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पुरळ असलेल्या आणि नसलेल्या बालकांच्या लघवीतील अमोनिया ताडून पाहिला असता फारसा फरक आढळला नाही. आज मानले जाते ते असे : ओल, घर्षण आणि शीमधील पाचकरसांचे अंश ही त्वचा सोलवटण्याची मुख्य कारणे; लघवीमुळे त्वचेवर क्षारता वाढली की हे पाचकरस अधिक जोमाने काम करतात. थोडक्यात, शी आणि लघवी एकत्र जितका वेळ अंगाला लागून राहील तितकी इजा अधिक. मग कापड सुती असो, रेशमी असो की विकतचे डायपर असो. बाहेरून प्लॅस्टिकची चड्डी घातली की अंथरूण वाचते, पण आतल्या त्वचेला वारा मिळत नाही. अंथरुणासाठी खाली मेणकापड घालावे, बाळाला गुंडाळू नये.

‘अंगावर पिणाऱ्या बाळाची शी घाण नसते’ हा समज आपल्याकडे फार जुना आहे. तिचा वास सौम्य असतो एवढेच त्यात खरे. जुलाबाचे जंतू, विशेषतः रोटा विषाणू, बाळाच्या शीतूनच घरातील इतर मुलांकडे जातात. बाळ वरकरणी ठणठणीत असतानाही ती शक्यता असते. रोटाची लस २०१६ पासून सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने आली. ती तोंडावाटे दिली जाणारी जिवंत लस असल्याने डोसनंतर काही दिवस लसीतील विषाणूही शीतून बाहेर पडतो. निरोगी माणसाला त्यापासून भीती नाही. तरी लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुण्याचे हे आणखी एक कारण. हात धुणे म्हणजे पाण्याखाली बोटे ओली करणे नव्हे, हे सांगण्याची वेळ आमच्या परिचारिकांवर रोज येते.

शीचा लंगोट थेट मोरीत आपटण्याची सवय मोडली पाहिजे. आमच्याकडे येणारी अनेक कुटुंबे एका खोलीत राहतात. तेथे भांडी घासण्याची, अंघोळीची आणि धुण्याची मोरी एकच असते. अशा घरांना वेगळी जागा सुचवणे सोपे, पण निरुपयोगी आहे. त्यांनी क्रम पाळावा. शी प्रथम शौचकूपात झटकावी किंवा जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्याने निपटून काढून ती शौचकूपात टाकावी, कागद कचऱ्यात. मग तो लंगोट मगभर साध्या, थंड पाण्याने खळबळावा आणि तेही पाणी शौचकूपातच ओतावे. गरम पाणी आधी घातल्यास डाग पक्का बसतो. एवढे झाल्यावर मोरीत जे येते ते केवळ मळके कापड असते. भांडी आधी, लंगोट नंतर, आणि शेवटी मोरी साबणाने घासून घेणे हा क्रम एका खोलीतही जमतो, असा आमचा अनुभव आहे.

बादली

धुण्यापूर्वी लंगोट साठवावे लागतातच. नवजात बाळाला दिवसाकाठी दहा-बारा लंगोट लागणे अगदी सामान्य आहे. दुपटी धरून पंधरा कापडे म्हटली तर महिन्याला साडेचारशे कापडे धुऊन वाळवावी लागतात. हा आकडा आम्ही मुद्दाम देत आहोत, कारण बाळंतिणीच्या शेजारी बसून सल्ला देणाऱ्या पुरुषमंडळींनी तो एकदा मनात धरावा, अशी आमची इच्छा आहे. प्रत्येक लंगोट त्या त्या वेळी धुणे कोणत्याही घराला शक्य नाही. दिवसातून एकदा, फार तर दोनदा धुणे, हीच व्यवहार्य रीत.

साठवणीच्या दोन पद्धती आहेत. झाकणाच्या कोरड्या बादलीत कापडे नुसती ठेवणे ही एक, आणि पाण्यात भिजवणे ही दुसरी. वर सांगितल्याप्रमाणे शी काढून खळबळलेली आणि लघवीने ओली झालेली कापडे झाकणाच्या बादलीत तशीच ठेवली आणि चोवीस तासांच्या आत धुतली, तर भिजवण्याची गरज नसते. वास येईल; येऊ द्यावा. भिजवल्याने डाग लवकर निघतात हे खरे, परंतु त्या पद्धतीत एक धोका आहे आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

घरात दुसरे बाळ आले की पहिले बहुधा दीड-दोन वर्षांचे असते. या वयाच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. बादलीत डोकावताना ते तोंडघशी आत गेले तर हातांच्या जोरावर स्वतःला वर काढू शकत नाही. बादली सरळ उभी राहते, मूल ओरडू शकत नाही, आणि बुडण्यास वीतभर पाणीही पुरेसे होते. बाळंतीण खाटेवर, आजी स्वयंपाकात, आणि मोरीत लंगोटांची पाण्याने भरलेली बादली, हे चित्र कोणत्याही घरातले आहे. म्हणून लहान भावंड असलेल्या घरांना आमच्या परिचारिका कोरडी बादलीच सुचवतात. भिजवावयाचेच असेल तर धुण्यापूर्वी अर्धा-एक तास, समोर बसून. मोरीला दार असेल तर त्याला वर कडी हवी.

दुसरी सूचना ब्लीचिंग पावडरीची. वास मारावा म्हणून लघवीच्या लंगोटांवर तीच पावडर किंवा बाटलीतील द्रव ब्लीच ओतले जाते. क्लोरीन आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन नावाचा वायू तयार होतो. बंद न्हाणीघरात त्याने घसा धरतो, खोकल्याची उबळ येते, दमेकऱ्याला तर फारच त्रास होतो. ब्लीच वापरावयाचेच झाल्यास ते धुऊन, खळबळून झालेल्या कापडाला, पुष्कळ पाण्यात, खिडकी उघडी ठेवून वापरावे. वास्तविक घरच्या लंगोटांना त्याची गरज नसते. सुताचे आयुष्य मात्र त्याने कमी होते.

धुणे आणि पाणी

मुख्य धुण्याला गरम पाणी आणि साधा साबण पुरतो. हाताला सोसेल त्यापेक्षा अधिक कढत पाणी काठीने ढवळत वापरता आले तर उत्तम. यंत्र असेल तर ६० अंशांची खूण निवडावी. रोज उकळण्याची आवश्यकता नाही. बाळाला जुलाब झाले असतील किंवा बुरशीचे लालसर पुरळ आले असेल, तर ते दिवस कापडे स्वच्छ धुऊन मग दहा मिनिटे उकळावीत. उकळण्याचे पातेले स्वयंपाकाचे नसावे, हे सांगणे नको.

खरी अडचण पाण्याची आहे. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले ते २०१६ चे साल कोणी विसरलेले नाही, आणि त्या मानाने बऱ्या गावांतही नळाला एक दिवसाआड पाणी येणे नित्याचे आहे. पंधरा कापडांना अर्धी बादली पहिल्या खळबळण्याला, एक धुण्याला आणि दोन वेळा स्वच्छ पाण्यातून काढण्याला प्रत्येकी एक असे धरले, तर पंधरा लिटरच्या बादलीने रोजचे सुमारे पन्नास लिटर पाणी झाले. टंचाई असेल तेथे घरोघरी पहिली काटछाट होते ती शेवटच्या पाण्यात. नेमकी तीच करू नये. बचत पुढच्या बाजूने करावी : आजचे शेवटचे, जवळजवळ स्वच्छ असलेले पाणी झाकून ठेवावे आणि उद्याच्या पहिल्या खळबळण्याला वापरावे. अर्धी बादली वाचली आणि काही बिघडले नाही. लहान भावंडांविषयी वर सांगितलेली खबरदारी याही बादलीला लागू आहे.

बोअरचे जड पाणी हा दुसरा प्रश्न. अशा पाण्यातील चुन्याच्या अंशाशी वडीचा साबण संयोग पावून एक चिकट, न विरघळणारा साका तयार होतो आणि तो धाग्यांत बसतो. लंगोट पापडासारखे कडक झाले, पाणी टिपेनासे झाले, की साबण कमी पडला असे वाटून आणखी साबण लावला जातो आणि साका वाढतच जातो. अशा गावी नळाचे पाणी निदान शेवटच्या खळबळण्याला राखून ठेवावे, किंवा मुख्य धुण्यात चमचाभर धुण्याचा सोडा टाकावा. सोड्याने पाणी मऊ होते. मात्र सोडा स्वतःच तीव्र क्षार असल्याने तो कापडात राहिला तर बाळाच्या अंगाला झोंबतो. कापड मऊ आणि सुगंधी करणारी जी द्रव्ये हल्ली मिळतात, ती धाग्यावर पातळ थर चढवतात. लंगोटाचे काम पाणी शोषण्याचे असल्याने हा थर त्याला मारकच ठरतो.

धुणे पुरे झाले की नाही हे ओळखण्याची आमच्या धुलाई विभागातील जुनी खूण अशी, की शेवटच्या पाण्यात पिळलेले कापड पुन्हा स्वच्छ पाण्याच्या भांड्यात जोराने हलवावे. पाण्यावर फेस आला तर साबण शिल्लक आहे.

आपण सोडलेले

कापडात राहिलेल्या साबणाने फार तर पुरळ येते. काही द्रव्यांचे तसे नाही. बाळाची त्वचा पातळ, वजनाच्या मानाने तिचे क्षेत्रफळ मोठे, आणि लंगोट म्हणजे ओले, उबदार कापड चोवीस तास त्या त्वचेला बांधलेले. औषधाची पट्टी लावण्यासाठी यापेक्षा चांगली व्यवस्था शोधून सापडणार नाही. कापडात जे असेल ते शरीरात जाऊ शकते.

याचा पहिला धडा रुग्णालयांनाच मिळाला. कपडे हरवू नयेत म्हणून त्यांवर शिक्के मारण्याची पद्धत जगभर आहे. १८८६ साली इंग्लंडमधील डॉ. रेनर यांनी नवजात बालके निळी पडल्याची हकीकत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केली. कारण निघाले लंगोटांवरील शिक्क्याची ताजी शाई. तिच्यातील ॲनिलिन त्वचेतून रक्तात जाऊन रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी करीत होते. यास्तव आपल्या रुग्णालयात शिक्का मारलेले नवे कापड धुऊन, उकळून, वाळल्याखेरीज प्रसूती विभागात दिले जात नाही, आणि भांडार विभागाला तशी लेखी सूचना आहे. या एका जादा धुण्याचा खर्च लेखापरीक्षणात विचारला गेला तर उत्तर तयार आहे.

दुसरी घटना १९६७ ची. अमेरिकेतील सेंट लुइस शहरातील एका प्रसूतिगृहात नऊ नवजात बालके आजारी पडली. दरदरून घाम, ताप, धाप अशी लक्षणे होती. त्यांतील दोन दगावली. शोध घेता असे आढळले, की धुलाईत शेवटच्या पाण्यात पेंटाक्लोरोफिनेटयुक्त जंतुनाशक घातले जात होते. त्यानंतर कापड पुन्हा साध्या पाण्यातून निघत नसल्याने ते विष लंगोटातच राहत होते. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. उलट स्वच्छतेचा अतिरेकी आग्रह होता. ते रसायन आपल्या घरात नाही. सवय मात्र आहे : शेवटच्या पाण्यात टोपणभर डेटॉल किंवा सॅव्हलॉन टाकून तसेच पिळणे. ‘किती घालावे’ या प्रश्नाला आमच्या बालरोग विभागाचे उत्तर ‘घालू नये’ असे आहे. शेवटचे पाणी निव्वळ पाणीच असले पाहिजे.

बोरिक पावडरीचेही तेच. एके काळी ती बाळाच्या मांड्यांना सर्रास लावली जाई. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात तिच्या विषबाधेच्या शंभराहून अधिक नोंदी एकत्र केल्या गेल्या. त्यांत बालकांचा भरणा मोठा होता. तिची जागा आता कॅरमच्या फळीवर आहे, तेथेच ती असावी.

वाळवण्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. प्रखर ऊन हे फुकटचे आणि उत्तम निर्जंतुक आहे. तिन्हीसांजेनंतर बाळाचे कपडे बाहेर ठेवू नयेत असे घरातील वडील माणसे सांगतात. कारण कोणतेही दिले जावो, दवाने कापड पुन्हा ओलसर होते हे खरेच आहे, तेव्हा वाद घालू नये. कुंपणावर किंवा झुडपांवर मात्र वाळत घालू नये. सुरवंटाचे केस कापडाला चिकटून बाळाच्या अंगभर गांधी उठतात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणातील घरांत, शेगडीवर टोपली पालथी घालून तीवर लंगोट वाळवतात. पडवीत हे चालेल. बाळ-बाळंतिणीच्या बंद खोलीत पेटती शेगडी कदापि ठेवू नये. कोळशाच्या विषारी वायूला ना रंग असतो ना वास. त्यापेक्षा दोरी पंख्याखाली बांधावी आणि दमटपणा राहिल्यास इस्त्री फिरवावी.

ट्रंक

आता या लेखाचा जो भाग वाचकांनी निश्चित वाचावा अशी आमची विनंती आहे, तो. आपल्याकडे पाचवीपर्यंत बाळाला नवे कापड घालीत नाहीत. ही रीत शहाणपणाची आहे, कारण नव्या कापडाला खळ असते आणि जुने सुती लुगडे किंवा धोतर धुऊन धुऊन मऊसूत झालेले असते. थोरल्याची झबली, टोपडी, लंगोट धाकट्यासाठी जपून ठेवण्यातही काटकसर आणि माया दोन्ही आहेत. ही सर्व कापडे ट्रंकेत किंवा कपाटाच्या तळाशी वर्षानुवर्षे असतात, आणि त्यांच्या घड्यांत डांबराच्या पांढऱ्या गोळ्या असतात.

या गोळ्या बहुधा नॅफ्थॅलीनच्या असतात. हे द्रव्य न वितळताच हवेत विरत जाते. गोळी लहान होत जाते ती यामुळेच, आणि ते कापडाच्या धाग्याधाग्यांत शिरते. शरीरात गेल्यावर त्याचे जे रूपांतर होते, ते रक्तातील तांबड्या पेशींना घातक असते. बहुतेकांच्या पेशींत या माऱ्यापासून बचाव करणारे एक विकर असते. जी-सिक्स-पीडी हे त्याचे नाव. काहींमध्ये ते जन्मतःच कमी असते. या कमतरतेचा शोध १९५६ साली हिवतापाच्या एका औषधाच्या दुष्परिणामांचा अभ्यास करताना लागला. हा दोष आईकडून येतो, तो मुलींपेक्षा मुलांत अधिक दिसतो, आणि भारतातील अनेक समाजांत आढळतो. एरवी अशी व्यक्ती संपूर्ण निरोगी असते. आपल्याला असे काही आहे याची तिला आयुष्यभर कल्पनाही नसते.

अशा नवजात बाळाला डांबरगोळीच्या वासाची दुपटी गुंडाळली, तर तांबड्या पेशी भराभर फुटू लागतात. रक्त कमी होते, आणि फुटलेल्या पेशींतून निघणाऱ्या पिवळ्या रंगद्रव्याने, बिलिरुबिनने, कावीळ वाढते. नवजात बाळाचे यकृत ते पुरेसे बाहेर टाकू शकत नाही. प्रमाण फार वाढले तर ते मेंदूत उतरते आणि मग बाळ वाचले तरी श्रवण आणि हालचाल यांची कायमची हानी होऊ शकते. १९५१ साली अमेरिकेतील एका बालरोग नियतकालिकात गोळ्यांत ठेवलेल्या लंगोटांमुळे नवजात बाळाच्या तांबड्या पेशी फुटल्याची हकीकत आली होती. १९६३ साली ग्रीसमधील डॉक्टरांनी केवळ या गोळ्यांच्या वासामुळे बाधित झालेल्या एकवीस नवजात बालकांचा वृत्तान्त दिला. त्यांपैकी बारा बालकांत या विकराची कमतरता होती, आणि दोन बालके दगावली.

यात आपल्याकडील एक प्रथा भर घालते. बाळाला रोज तेल लावण्याची आपली पद्धत आहे. नॅफ्थॅलीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र विरघळते. तेल लावलेल्या अंगाला असे कापड बांधले तर ते अधिक सहजपणे आत जाऊ शकते, असे डॉक्टर सांगतात. पाण्यात विरघळत नसल्यामुळेच एका धुण्याने ते कापडातून निघेल असा भरवसा धरता येत नाही.

पहिल्या दोन-तीन दिवसांत अनेक बाळांना सौम्य कावीळ होते आणि ती आपोआप उतरते. याच समजुतीमुळे वेळ जातो. जन्मापासून चोवीस तासांच्या आत आलेला पिवळेपणा, तळहात-तळपायांपर्यंत पोहोचलेला पिवळेपणा, बाळ मलूल होऊन दूध न ओढणे, फिकट पडणे किंवा लघवी गडद होणे, यांपैकी काहीही दिसल्यास कोवळ्या उन्हात धरून वाट पाहू नये. रात्र असो वा सणवार, बाळाला घेऊन यावे, आणि घरात डांबरगोळ्या असतील तर ते डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. निळ्या दिव्याखालील उपचार वेळीच सुरू झाला तर बहुतेक बाळे पूर्ण बरी होतात.

गंमत अशी, की सुती लंगोटांना या गोळ्यांची गरजच नसते. कपडे खाणारी कसर लोकर आणि रेशीम यांवर जगते. सुती कापडाचे शत्रू म्हणजे ओल आणि खळ. खळ काढून, कडकडीत वाळवून, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात किंवा स्वच्छ उशीच्या अभ्र्यात बांधून ठेवलेले सुती कापड वर्षानुवर्षे टिकते. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून ठेवण्यास हरकत नाही. वापरण्यापूर्वी कापड धुवावे म्हणजे झाले. कापराच्या वड्या मात्र नकोत, कारण कापूरही तान्ह्या बाळांना विषारी ठरू शकतो. लोकरी टोपडे आणि मोजे यांना कसर लागतेच. त्यासाठी गोळ्या वापरण्याऐवजी ते वर्षातून दोन-तीनदा उन्हात घालून झटकावेत. बाळाच्या खोलीतील कपाटात मोठ्यांच्या साड्यांसाठी ठेवलेल्या गोळ्याही बाळ येण्यापूर्वीच काढून टाकाव्यात.

काही विश्वस्तांनी असे सुचवले, की एवढी खबरदारी घेण्यापेक्षा विकतचे डायपर बरे. प्रवासात, आजारपणात, किंवा बाळंतिणीच्या मदतीला कोणी नसेल तेव्हा त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु रोजच्या वापराचा खर्च आमच्याकडे येणाऱ्या बहुसंख्य कुटुंबांना झेपणारा नाही. शिवाय घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार वापरलेले डायपर वेगळे गुंडाळून देणे बंधनकारक झाले तरी ते गावाच्या उकिरड्यावर कसे दिसतात, हे सर्वांना ठाऊक आहे. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या २००८ च्या अहवालात कापडी आणि विकतच्या डायपरांचा हवामानावरील भार जवळजवळ सारखा निघाला होता. मात्र यंत्र भरून धुतले, दोरीवर वाळवले आणि दुसऱ्या बाळालाही तेच वापरले, तर कापडी लंगोटांचा भार सुमारे ४० टक्क्यांनी उतरतो, असेही त्यात होते. दोरीवर वाळवणे आणि धाकट्याला थोरल्याचे वापरणे आपल्या घरांना कोणी शिकवावे लागत नाही.

आपल्या रुग्णालयात गरजू बाळंतिणींना निरोप देताना लंगोट आणि दुपटी यांचा एक संच विनामूल्य दिला जातो, आणि तो मुख्यत्वे देणगीदारांनी दिलेल्या जुन्या सुती साड्या, धोतरे आणि चादरी यांतून शिवला जातो. या कापडाच्या संदर्भात देणगीदारांना एक विनंती आहे. गाठोड्यावर एक चिठ्ठी लावून कापड कशात ठेवले होते, गोळ्या होत्या किंवा नव्हत्या, एवढे लिहावे. गोळ्यांत ठेवलेले कापड आम्ही परत करीत नाही. ते कार्यालयाच्या आणि आवाराच्या सफाईसाठी वापरले जाते आणि त्याची पावतीही तशीच मिळते. चिठ्ठी नसलेले प्रत्येक गाठोडे भांडारात दोन कर्मचारी उघडून हुंगून पाहतात, आणि वास आल्यास ते वेगळ्या खोलीत जाते. गाठोडी प्रसूती विभागात परस्पर नेऊन देऊ नयेत. ती रविवार सोडून कोणत्याही दिवशी कार्यालयीन वेळेत भांडार विभागात स्वीकारली जातात.